होत नाही आणि नको

मी अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. बाबा फॅक्टरीच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे; उरलेली घरी यायची. त्यांत ‘बहुतेक’, ‘शक्यतो’, ‘जमल्यास’ असले शब्द नसत. मागणी पहिल्याच ओळीत असे. मलाही तीच सवय लागली.

माझा नवरा त्याच फॅक्टरीत आहे. आम्ही जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. मूल नको, हे आम्ही लग्नाआधीच ठरवलं. घरात दोन कुत्री आहेत. पिवळी भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवरून आणली. म्हातारा समोरच्या क्वार्टरमधला. तिथले लोक रिटायर होऊन गावी गेले. माणसं क्वार्टर सोडताना बल्बसुद्धा काढून नेतात, यांनी कुत्रा तेवढा ठेवला. तो कुलपाकडे तोंड करून पायरीवर बसून असायचा. आम्ही त्याला घरी आणलं. ही दोघं आमच्या कुटुंबातली आहेत, पण लेकरांच्या जागी नाहीत. ती जागाच आमच्या घरात नाही.

आंधळगावला, सासरी, हे सगळ्यांना ठाऊक आहे असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आम्ही तिथे होतो. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना बोजारा म्हणून खाऊ किंवा पैसे मिळतात. मी ओसरीवर बोजारा वाटत होते. शेजारच्या काकू नातवाला घेऊन आल्या. त्यांनी त्याचा नंदी उचलला आणि सरळ माझ्या पदरात ठेवला.

“घे बाई, ओटीत घे. पुढच्या साली तुयं लेकरू वढन असाच.”

“काकू, हे काहून?”

“लाजतं कायले? तुया सासूनं सांगतलं मले. नागपूरचा इलाज चालू आहे म्हणे. होते, होते. माया पुतणीले आठ सालानं झालं. तोवर रमव मन कुत्र्याईत.”

ओसरीवरच्या सगळ्या बाया माझ्याकडे मायेने बघत होत्या. सासूबाई दारात करंज्यांचं ताट धरून, नजर खाली.

सासूबाईंनी त्यांच्या परीने मला वाचवलं होतं. होत नाही म्हणणारी बाई बिचारी, नको म्हणणारी गुन्हेगार. तिसरी जागा गावाने ठेवलेलीच नाही. गप्प राहिले असते तर जन्मभर सांभाळून घेतली गेले असते. पण ज्यांना खरंच होत नाही, त्यांचं दुःख मी उसनं वापरलं असतं. आणि माझ्या निर्णयाला आजार म्हणायचा हक्क मी कोणालाच दिलेला नव्हता.

मी नंदी नातवाच्या हातात दिला. “काकू, इलाज चालू नाही. होत नाही असं नाही. आमाले नको आहे.”

“नको? लेकरू नको?” काकू हसल्या. “अवो, मस्करीलेबी काही हद असते!”

“काई बी बोलते ते,” सासूबाई घाईने म्हणाल्या. “कुत्र्याईनं डोकं फिरवलं तिचं.”

नवरा अंगणात होता. मी हाक मारली, “इकडे ये. हे माझ्या एकटीचं आहे का, तूच सांग.”

आईसमोर तो सहसा बोलत नाही. हात पुसत वर आला. “आई, दोघांचं ठरलं आहे. लग्नाच्या आधीच. हिच्यात काही कमी नाही, माह्यातबी नाही. इलाजाचं सांगू नको कोणाले.”

बायांनी आपापली लेकरं उचलली आणि निघाल्या.

आत आल्यावर सासूबाईंचा आवाज चढला. “गावात माही मान खाली घातली! म्हातारपणी कुत्रं पाणी देईन का तुमाले?”

“तुमचा लेक तर जवाहरनगरात आहे, आई. तुमाले पाणी कोण देते?”

“तोंड पाहा हिचं! मीच घेतो माया हातानं!”

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या आणखीच भडकल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. फोन लेकालाच येतो. पण इलाजाची गोष्ट बंद झाली. त्या दयेपेक्षा हा अबोला मला परवडतो.

यंदाही पोळ्याला जाणार आहोत. या वेळी चौघं येतोय, असं नवऱ्याने फोनवर सांगितलं. स्पीकर चालू होता. सासूबाई म्हणाल्या, “कुत्रे ओसरीवर राहतीन. घरात नाही.”

मी नवऱ्याला म्हटलं, “सांग, मग आम्हीही ओसरीवरच झोपू.”