नवऱ्याच्या खात्यावरचा फोन

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवऱ्याने नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. स्मार्टफोन तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये मोजक्यांकडेच होते, त्यामुळे सासूबाईंनी शेजारच्या गुजराती मावशींना आवर्जून सांगितलं, "बहू को भी टचवाला दिया है." कौतुकाची गोष्ट होती, नाही म्हणत नाही. फक्त फोनमधलं खातं त्याचंच राहिलं. "वेगळं कशाला काढतेस? पासवर्ड विसरशील," तो म्हणाला. मीही हो म्हटलं. लग्नानंतर माझं नावसुद्धा वेगळं राहिलं नव्हतं, खात्याचं काय घेऊन बसलात!

मी राई गावची. डी.एड. करून गावाजवळच्या शाळेत वर्षभर शिकवलं आणि लग्न होऊन पूनम सागर वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये आले. अंतर म्हणाल तर रिक्षाचं. पण दोन खोल्यांत दिवस कसा जातो ते तिथे राहणारीलाच कळतं. छळ वगैरे कोणी केला नाही. घरातली सगळी माणसं चांगली होती, हीच तर पंचाईत. वाईट माणसांशी निदान भांडता येतं. मला परत शिकवायचं होतं, आणि तसं बोलायला गेलं की सासूबाई मायेने म्हणायच्या, "अगं, काय कमी आहे तुला?" आईला सांगावं तर तीही फोनवर म्हणायची, "सासर चांगला हाय ना? मंग गप ऱ्हा."

एका दुपारी मी नोकऱ्यांचं एक ॲप फोनवर उतरवलं. शिक्षक हवे असलेल्या शाळाही त्यात दिसायच्या. थोड्याच वेळात ऑफिसातून नवऱ्याचा फोन. "माझ्या मोबाईलवर हे काय आलंय? मी तर काही टाकलं नाही." खातं एकच, त्यामुळे मी इकडे उतरवलेलं ॲप तिकडेही आपोआप उतरलं होतं. हात दाखवून अवलक्षण! "चुकून हात लागला असेल," मी म्हणाले आणि ते काढून टाकलं. जेवताना त्याने हसत हसत सगळ्यांना किस्सा सांगितला, "ही घरबसल्या मला नवी नोकरी शोधतेय." सगळे हसले. मीही हसले आणि भात वाढला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असा हसतखेळतही बसतो.

मग दुसरी वाट सापडली. त्याच नोकऱ्या वेबसाईटवरही होत्या. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाइप करायचा, लॉगिन करायचं आणि काम झालं की हिस्टरी पुसायची. इकडे काही उतरवायचं नाही, म्हणजे तिकडे काही उगवणार नाही. पण ही वाट म्हणजे नुसता वैताग. साईट कॉम्प्युटरसाठी बनवलेली, अक्षरं मुंगीएवढी, बटण बोटाखाली सापडायचंच नाही. रेंज फक्त बाल्कनीत धड मिळायची, म्हणून कपडे वाळत घालायच्या वेळेत सगळं उरकायचं. अर्ज अर्धा भरला की पान थिजायचं, आणि रिफ्रेश केलं की पुन्हा सगळं कोरं. चिमटे तोंडात धरून मी परत नाव, शिक्षण, अनुभव भरायला घ्यायचे. आतून सासूबाईंची हाक यायची, "आज एवढे कसले गं कपडे?" इतका संताप यायचा की फोन खाली गटारात भिरकावून द्यावासा वाटे. फोन माझा नव्हता, म्हणून तो वाचला.

शांती नगरमधल्या एका शाळेचा अर्ज असाच भरत आणला. शेवटी लाल अक्षरं आली: दुसरा फोन नंबर दिल्याशिवाय अर्ज जाणार नाही. पान पुन्हा थिजेल या धास्तीने तोंडपाठ होता तो नंबर टाकला, घरच्या लँडलाईनचा. अर्ज गेला. मी देवाचे आभार मानले.

पण वेबसाईट वाजत नाही. आता वाजतातही म्हणे, तेव्हा नव्हत्या वाजत. ॲप असतं तर उत्तर आल्याबरोबर टिंग झालं असतं. इथे आपणच रोज जाऊन बघायचं. मी रोज जायचे. मध्ये पाहुणे आले, बाल्कनीत गाद्या पडल्या, काही दिवस जमलंच नाही. ते गेल्यावर उघडलं तर शाळेचा निरोप आलेला: मुलाखतीला या. तारीख कालची.

कपडे बादलीत तसेच सोडले. "भाजी आणते," म्हणून बाहेर पडले आणि जवळजवळ पळतच शाळा गाठली. हाताला अजून साबणाचा वास होता.

मुख्याध्यापिका साध्या, थकलेल्या बाई होत्या. मी उशिराबद्दल माफी मागायला लागले, तर त्यांनी नाव विचारलं, कागद चाळले आणि म्हणाल्या, "पण आम्ही तर तुम्हाला फोन केला होता. मोबाईल लागेना, म्हणून घरच्या नंबरवर केला. तुमच्या सासूबाई बोलल्या. म्हणाल्या, तिचा विचार बदललाय."

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. पाहुण्यांच्या पंगतीत माझ्या ताटात जास्तीची पुरी ठेवतानाही माहीत होतं, आणि चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. मला राग यायला हवा होता. आधी लाज आली, चोरी पकडली गेल्यासारखी.

"कालच्यांपैकी कोणी मनासारखं मिळालं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला अनुभव आहे, जागा अजून रिकामी आहे. तुम्हीच सांगा, नोकरी हवीय का तुम्हाला?"

लग्न झाल्यापासून मला इतकं सरळ कोणी काही विचारलं नव्हतं. बाई खरोखरच थांबल्या होत्या, पेन हातात धरून. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि ते देण्यासाठीच मी तिथवर आले होते.

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाहेर बाकावर अर्ज घेऊन बसलेल्या मुलीला त्यांनी आत बोलावलं.