पसा, ओंजळ आणि टाळी

परळला आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत हातांचे जितके व्यायाम होतात, त्याहून जास्त किस्से होतात. फाईलमध्ये लिहिता येत नाहीत, म्हणून डोक्यात साठतात. त्यातले निम्मे एकट्या सावंत सरांचे!

सर लालबागचे, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले. अर्धांगवायूने डावा हात गेला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गणपतीत चाळीच्या आरतीला टाळ्या वाजवायच्यात. बाकी काही नको." हातात दोन महिने होते. मी "बघू" म्हटलं आणि मनातून घाबरले.

*

आमची ज्युनिअर रिया कॉन्व्हेंटमधली, मराठी जपून बोलणारी. सरांचा उजवा, चांगला हात पुढे घेऊन म्हणाली, "सर, ओंजळ करा."

"होणार नाही."

"का? हा हात तर ओके आहे!"

"एका हाताचा पसा होतो, बाळ. ओंजळीला दोन लागतात. दुसरा तुम्ही दुरुस्त करताय ना?"

*

त्या दिवशी रियाने वहीत दोन रकाने पाडले. एक हात: चिमूट, मूठ, पसा, चापट. दोन हात: ओंजळ, टाळी, नमस्कार.

"सर, मिठी कुठे लिहू?"

"दोन हातांत. पण सध्या आमच्या घरी एकहाती कारभार आहे!"

बाहेरच्या बाकावरून काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, आवाज आला, "तो पहिल्यापासून एकहातीच होता. माझ्या!"

*

शेजारच्या बेडवर गोदीतून रिटायर झालेले डिसोझा अंकल, खांदा जाम. रियाने त्यांना बजावलं, "घरी दोन हातांची कामं करा."

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको तणतणत आली. "कणीक मळ बोलले, तर बोलतो, पेपर वाचतोय ना, त्याला पण दोन हात लागतात!"

*

गणपती आठवड्यावर आले. सरांचा डावा हात आता छातीपर्यंत यायचा, पण टाळी म्हटलं की अडून बसायचा. एकदा रियाने "वन, टू, थ्री, टाळी!" केलं, तर सर चिडले. "वहीतून खोड तो शब्द."

मला फार वाईट वाटलं. रियाने रबर हातात घेतलं, पण खोडलं नाही.

*

गणपतीचा आदला दिवस. सर स्टुलावर बसलेले, काकू पिशवी आवरताहेत, आणि एक डास सरांच्या नाकासमोर घिरट्या घालतोय.

फट्ट!

डिसोझा अंकलनी पेपर खाली केला. काकूंच्या हातातली पिशवी पडली. रियाने माझा दंड घट्ट धरला.

सरांनी दोन्ही तळवे सावकाश उघडले, चष्मा वर सारून आत निरखून पाहिलं आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच मालवणीत ओरडले,

"चुकवल्यान मेल्यान!"