गाढव बोलणार होतं

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. भांडण नसतं, फक्त वेळ नसतो. पेणजवळच्या आमच्या हमरापुरात ज्यांच्या घरी मूर्तींचा कारखाना आहे त्या सगळ्यांची हीच गत. पडवीत मूर्ती, माजघरात मूर्ती, जिन्याखाली मूर्ती, आणि उरलेल्या जागेत माणसांनी अंग चोरून राहायचं. भाताला रंगाचा वास, उशीवर पांढरी भुकटी. मी रोह्याजवळच्या वरशाची. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं होतं, चला, देवाच्या घरात पडले. पुढे कळलं की देव फक्त वस्तीला असतात, राबायचं आपणच.

अशा घरात त्या वर्षी मी बाबांना आणलं.

बाबा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते. निवृत्त झाले, आई गेली, तरी वरशाचं घर सोडायला तयार नव्हते. एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय पुढे थोडा सुधारला, काठी धरून मोरीपर्यंत जाऊ लागले. बोलणं मात्र नाही ते नाहीच. घशातून नुसती घरघर यायची.

आणि हे कुणाचं व्हावं, तर ज्यांचं तोंड आयुष्यात कधी बंद राहिलं नाही त्यांचं. कंपनीच्या बसमध्ये रात्रपाळी करून पेंगुळलेली माणसंसुद्धा बाबांच्या गोष्टी ऐकत जागी राहायची. थंडीत वालाच्या शेतात शेंगा भाजायला पोपटीचं मडकं लागलं की शेंगा शिजेपर्यंत बाबाच बोलायचे. शिजल्यावरही तेच बोलायचे, बाकीच्यांनी तेवढ्यात खाऊन घ्यायचं. आई म्हणायची, या माणसाला देवाने दोन जिभा दिल्यात आणि कान द्यायचा विसरलाय.

पेणच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "वाचा यायची असेल तर पहिल्या काही महिन्यांतच येते. रोज बोलायला लावा. सोडू नका." ते 'सोडू नका' माझ्या मानेवर बसलं ते बसलंच. रोज सकाळी चहा झाला की मी खिळ्यावरचा आरसा काढून बाबांसमोर धरायची. "आ म्हणा बाबा. आ. बघा माझ्या तोंडाकडे." बाबा तोंड उघडायचे. कपाळाला घाम यायचा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, आणि यायची ती घरघर. मी पुसायची आणि परत आरसा धरायची. मला राग यायचा. कुणाचा ते कळायचं नाही. मग आरसा टांगून मी कामाला बसायची, ती संध्याकाळपर्यंत. घरातली डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. मूर्तीचं बाकी सगळं झालं की शेवटी डोळे. त्याला हात स्थिर लागतो, आणि माझा त्या महिन्यांत स्थिर राहिला याचं मला आजही नवल वाटतं.

बाबांच्या दिवसात एकच बरी गोष्ट होती. ती म्हणजे गाढव.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळेतून आली की दप्तर फेकून ती आजोबांच्या पायाशी बसायची आणि टीव्ही लावायची. टीव्हीवर आम्ही भुकटीपासून वाचावा म्हणून प्लास्टिक घातलं होतं, त्यातून सगळं धुरकट दिसायचं. त्या दोघांना चालायचं. केबलवर तेव्हा एका पिवळ्या गाढवाचं कार्टून लागायचं. गावातल्या सगळ्या पोरांच्या दप्तरावर, डब्यावर तेच गाढव. एक कान फाटका, डोळे बटाट्याएवढे आणि दोन दिशांना बघणारे. ते अवाक्षर बोलायचं नाही. शिडीत अडकायचं, विहिरीत पडायचं, कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर खायचं, आणि पकडलं गेलं की फाटका कान हलवून आपल्याकडे बघायचं. बस. एवढ्यावर पोरं लोळून हसायची.

बाबाही हसायचे. वाऱ्याने सगळं नेलं, हसू तेवढं ठेवलं. अगदी पूर्वीचं, खोकल्यात जाऊन संपणारं. पलीकडच्या खोलीत एखाद्या मूर्तीची बुबुळं भरताना ते हसू ऐकू आलं की मी ब्रश थांबवायची. सासूबाई म्हणायच्या, "घरातल्या शहाण्यांना नाय जमलं ते गाढवाला जमलं." मला ते लागायचं, पण खोटं नव्हतं.

मग एक दिवस जाहिरात सुरू झाली. श्रावणातल्या एका रविवारी संध्याकाळी गाढवाचा खास मोठा कार्यक्रम, आणि त्यात गाढव पहिल्यांदाच बोलणार. दर दहा मिनिटांनी ती जाहिरात. गाढव तोंड उघडतंय, आता बोलणार, आणि तेवढ्यात पडदा काळा. पोरांना दुसरा विषय उरला नाही. माझी मुलगी तर सरळ आजोबांच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, गाढव बोलणार हाय. मग तुम्ही पण बोलायचं. व्हय ना?"

बाबांनी मान हलवली.

पोरीचं काय, ती लहान होती. पण दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर बाबा आरशाकडे बघून एकटेच ओठ हलवत होते. मी सांगितलेलं नसताना. मला बघून थांबले, लाजले. डॉक्टरांचे ते 'काही महिने' संपत आले होते हे मला ठाऊक होतं. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनाही ठाऊक असावं. आणि मी, पाच पोटांचं शिजवणारी, सगळ्यांचं धुणारी, देवांना रोज जवळून बघून देवांवर फारशी भिस्त न उरलेली बाई, मीसुद्धा त्या रविवारची वाट बघायला लागले. माणूस थकला की कशावरही विश्वास ठेवतो. गाढवावरसुद्धा.

त्या आठवड्यात मुलीने हट्ट धरला की आजोबांना गाढव करून दे. कामाच्या गर्दीत मला कुठली फुरसत, पण उरलेली शाडू माती ओल्या फडक्याखाली होतीच. वीतभर गाढव केलं. कान फाडला. बोलणार म्हणून तोंड मोठं उघडं ठेवलं. पिवळा रंग दिला आणि वाळल्यावर, दोन मूर्तींच्या आखणीमधल्या वेळात, डोळे काढले. हातावेगळं केलं तेव्हा माझ्याच लक्षात आलं की काय झालंय. गाढवाला गणपतीचे डोळे आले होते. लांबट, शांत, किंचित खाली झुकलेले. वर्षानुवर्षं हाताला दुसरे डोळेच माहीत नव्हते, त्याने त्याला येत होते ते काढले.

मी पुसायला ओलं फडकं घेतलं तर सासूबाईंनी हात धरला. "काढलेले डोळे पुसायचे नाय गो. आणि आता त्याला भुईवर नको ठेवू, पाटावर ठेव." आमच्याकडे आखणी झाली की मूर्ती उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत. पण गाढव? "डोळे बघ आधी त्याचे," सासूबाई म्हणाल्या. मग काय, गाढवाला पाट मिळाला. बाबांनी ते गंभीर चेहऱ्याचं, तोंड वासून पाटावर बसलेलं गाढव बघितलं आणि इतके हसले, इतके हसले, की मुलगी घाबरून पाणी घेऊन आली.

रविवारी माझ्या नवऱ्याने, सीझनमध्ये कधी करत नाही ते केलं. कामगारांना म्हणाला, "हात धुवा रे. आज गाढव बोलतंय." लाइट जाऊ नये म्हणून सासूबाईंनी जवळच्या मूर्तीला हात जोडले. टीव्हीवरचं प्लास्टिक काढलं. बाबांनी स्वच्छ सदरा घालून घेतला, केस विंचरून घेतले. कुठल्या लग्नाला निघाल्यासारखे खुर्चीत बसले. मातीचं गाढव त्यांच्या मांडीवर.

कार्यक्रम सुरू झाला आणि आमचं गाढव दिसायलाच अर्धा वेळ गेला. आधी कुठल्या तरी परदेशी गावातला एक मुलगा, त्याचा कुत्रा, त्यांचं गाणं, मग जाहिराती, मग पुन्हा गाणं. गाढव आलं तेव्हा ओळखू येईना. गुळगुळीत, चकचकीत, प्लास्टिकच्या खेळण्यासारखं. फाटका कान शिवून टाकला होता. डोळे सरळ. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, थांब, बोलेल आता.

आणि ती वेळ आली. संगीत थांबलं. गाढवाने तोंड उघडलं. खोलीत सगळे टीव्हीकडे बघत होते, मी बाबांकडे. बाबांचं तोंड गाढवाबरोबर उघडलं. ओठांनी आकार धरला, गळ्याची शीर वर आली, डावा हात खुर्चीवर घट्ट झाला. 

"हॅलो दोस्तो!" गाढव म्हणालं. जाहिरातीत साबण विकणाऱ्या पोराचा आवाज.

बाबांच्या घशातून घरघर आली. टीव्हीच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही. मला गेली. त्यांनी तोंड मिटलं.

त्यानंतर गाढव थांबेचना. पूर्वी पडायचं तर नुसतं पडायचं. आता पडायचं आणि सांगायचं, देखो, मैं गिर गया. मोठ्यांचं ऐकावं, दूध प्यावं, हेसुद्धा सांगितलं. कामगार एकेक करून उठले. नवरा म्हणाला, "याच्यासाठी काम थांबवलं मी," आणि तोही गेला. शेवटी मुलगी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "हे आपलं गाढव नाय," ती म्हणाली आणि अंगणात निघून गेली. मी टीव्ही बंद केला. मला रडू येत होतं आणि एका कार्टूनसाठी रडायचं तरी कसं, हेही कळत नव्हतं.

बाबांनी काठीने माझ्या कामाच्या जागेकडे दाखवलं. आधी समजलं नाही. पाणी? नाही. औषध? नाही. शेवटी ओल्या फडक्याखालच्या मातीवर काठी टेकवली. मी गोळा आणून दिला. त्यांनी मातीचं गाढव मांडीवर आडवं धरलं आणि डाव्या अंगठ्याने त्याच्या उघड्या तोंडात माती भरायला लागले. डाव्या हाताची सवय नव्हती, माती सदऱ्यावर सांडत होती. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी बाजूला सारला. तोंड पुरतं भरलं. वरून अंगठा दाबून सपाट केलं. मग गाढव माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "बरं केलंत व्याही," त्या म्हणाल्या. "फार बडबडत होतं." बाबा हसले. खोकल्यात जाऊन संपणारं तेच हसू. मी नाही हसले. त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर सवयीने मी आरसा काढला. बाबांनी पाटावरच्या गाढवाकडे बोट केलं. ओली माती रात्रीत वाळली होती, पिवळ्या तोंडावर अंगठ्याएवढा करडा डाग, आणि वर ते शांत डोळे. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टर म्हणालेत सोडायचं नाही." त्यांनी नकाराची मान हलवली. रागाने नाही. पूर्वी मी परीक्षेच्या आधी पुस्तकावर डोकं ठेवून झोपायची, तेव्हा दिवा मालवायला येऊन 'पुरे आता' म्हणून हलवायचे, तशी.

मी आरसा परत टांगला. बाहेर मूर्ती डोळ्यांसाठी खोळंबल्या होत्या, पण मी बाबांजवळ जमिनीवर बसले आणि भिंतीला पाठ टेकली. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. पुढे बाबा आमच्याकडे बरीच वर्षं राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. पण त्या सकाळी त्यांच्या हाताखाली माझे डोळे मिटायला लागले, तेव्हा मला कळलं की मी किती दमले होते. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं.