लुंग सेंगफेतचं टर्बाइन आणि वीजबचतीचे साहेब

कल्पना करा, भल्या सकाळी तुम्ही मांडीभर गार पाण्यात उभे आहात. दगड-बांबूच्या बांधाला ठेवलेल्या खिंडीतून ओढा जोरात घुसतोय आणि त्या धारेत तुम्हाला लांब दांड्याचं टर्बाइन बसवायचंय. पंखा पाण्यात, वर भोपळ्याएवढा जनित्राचा डबा कोरडा. दोन बोटं खाली गेलं की डबा भिजतो, दोन बोटं वर राहिलं की पंखा रुसतो. जमलं? मग लाओसच्या डोंगरातल्या लुंग सेंगफेतच्या गावात तुमचा निभाव लागेल.

लुंग म्हणजे काका. सगळं गाव त्याला तसंच म्हणे. गावाच्या डोक्यावरून मोठ्या धरणाच्या जाड तारा थेट थायलंडला जात, पण खाली ढुंकून बघत नसत. खालच्या पाच घरांतल्या दहा बल्बांना वीज द्यायचं ते सेंगफेतचं टर्बाइन. त्याचा वेग आवरायची काही सोय नव्हती. बल्बांचं ओझं असेपर्यंत ते शहाण्यासारखं फिरे, ओझं काढलं की उधळे. म्हणून दहाही बल्ब भर दुपारी जळत. कुणाला एखादा विझवायचाच असेल, तर आधी लुंगला विचारायचं. गेल्या वर्षी ते असंच उधळून जनित्रातली गुंडाळी जळली तेव्हा सेंगफेतने नऊ दिवस बसून तांब्याची तार हाताने गुंडाळली होती. आता त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता. पुन्हा जळली तर गुंडाळायला गावात दुसरं कोणी नव्हतं.

अशा गावात जिल्ह्याहून वीजबचत सप्ताहाचे साहेब आले. माइक आणि कर्णा सोबत होता. तो लावला अर्थात टर्बाइनवरच.

"भर उन्हात दहा बल्ब!" साहेब कर्ण्यातून म्हणाले. "ही उधळपट्टी कोण करतंय?"

"मीच," सेंगफेत म्हणाला. "बल्ब विझवले तर मशीन उधळतं, साहेब."

"लुंग, वीज वाचली की मशीनला विश्रांती मिळते. हे शास्त्र आहे."

"विश्रांती द्यायची तर त्याला पाण्याबाहेर काढावं लागतं. थांबा, काढून येतो."

"अरे, मग माझा माइक कशावर चालेल?"

लोक हसले. गावप्रमुख थोंगदी मात्र हसला नाही. मनगटाला पांढरा दोरा बांधून ज्याचं स्वागत केलं, त्या पाहुण्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, ही तिथली रीत.

"लुंग, पाच मिनिटांचा प्रश्न आहे," तो हळूच म्हणाला. "विझव आणि हस."

"हसतो की. गुंडाळी तू करशील?"

थोंगदीने पहिली टाळी वाजवली. टाळ्यांच्या गजरात एकेक बल्ब विझू लागला. चौथ्याला सेंगफेत ओढ्याकडे निघाला, सातव्याला धावत सुटला. दहावा विझला तेव्हा तो पाण्यात उतरत होता आणि टर्बाइन डुकरासारखं किंचाळत होतं. तिकडे कर्ण्यातून साहेबांचा आवाज एकदम आभाळाएवढा झाला, "बचत म्हणजेच", आणि तिथेच संपला. माइकच्या पेटीतून धूर निघाला.

सेंगफेतने दोन्ही हातांनी दांडा ओढून मशीन वर काढलं. उशीर झाला होता. डब्याला नाक लावायचीही गरज नव्हती. तारेवरच्या जळक्या लाखेचा वास काठावर येत होता.

साहेबांनी मात्र वहीत समाधानाने लिहिलं: 'गावाने शंभर टक्के वीज वाचवली.' खोटं कसं म्हणायचं? त्या दिवसापासून गावात एकही बल्ब लागलेला नाही. सप्ताहाचं प्रशस्तिपत्र निघालं, ते थोंगदीने घराच्या खांबावर लावलं. अंधार पडल्यावर ते वाचायला मेणबत्ती लागते.

सेंगफेत आता दारात बसून चाचपडत तार गुंडाळतो. दहा वेढे नीट बसतात, अकरावा दहाव्यावर चढतो, मग तो सगळं पुन्हा उसवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकच विचारतो, साहेबांना पाठवलेल्या पत्रातही त्याने तेवढंच लिहिलंय: "ओढा वाहायचा थांबला नाही, पाणी होतं तसं पुढे गेलं. मग आम्ही वाचवलेली वीज आहे कुठे?"