चिंचेने घासलेला बिल्ला

आमच्या हिच्या मामांइतका जर्मन जखमांचा जाणकार अख्ख्या लेस्टरमध्ये नाही, आणि लेस्टरबाहेर कुणी असलाच तर त्याने आधी मामांना येऊन भेटावं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या जर्मन सैनिकाला बिल्ला मिळे. एकदोन जखमांना काळा, तीनचार झाल्या की रुपेरी, पाच किंवा जास्त झाल्या की सोनेरी. इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांच्या जखमा बांधून मामा रिटायर झाले आणि या बिल्ल्यांच्या मागे लागले. "शौर्याचं मेडल काय, कुणीही मिरवतं," ते म्हणतात, "ज्याला नुसतंच लागलं, त्याची दखल घेणारं हे." बिल्ला हाती आला की आधी मागची बाजू, मग टाचणी, मग भिंग. तोवर मामींचा चहा दोनदा गार होतो. एकदा एका ऐटबाज व्यापाऱ्याचा सोनेरी बिल्ला त्यांनी नुसता तळहातावर तोलला आणि म्हणाले, "सॉरी सर, धिस इज मच यंगर दॅन यू." त्या गृहस्थाने पुन्हा मामांपुढे पेटी उघडली नाही.

मामांचा सगळ्यात लाडका बिल्ला रुपेरी, वीस वर्षांपूर्वी घेतलेला. खंडेनवमीला लोक शस्त्रं पूजतात, मामा हा बिल्ला पूजतात. यंदा मामींना वाटलं, देवापुढे इतकं काळवंडलेलं कसं ठेवायचं? त्यांनी तो समयांबरोबर चिंचेने लख्ख घासला. पूजेला बसलेल्या मामांनी तो उचलला, भिंग मागवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मळ गेलेल्या धातूवर बारीक बारीक छिद्रं दिसत होती. अस्सल बिल्ला ठसा मारून घडवलेला असतो. अशी छिद्रं साच्यात ओतलेल्या नकलेला पडतात.

पुढच्याच रविवारी संग्राहकांच्या मंडळात 'अस्सल बिल्ला कसा ओळखावा' यावर मामांचं भाषण होतं, आणि नमुना म्हणून याच बिल्ल्याचा फोटो सगळ्यांना गेलेला. मामी रडकुंडीला आल्या. "अहो, बायकोने घासून वाट लावली म्हणून सांगा. त्यात खोटं काय आहे?"

"किंवा दुसरा न्या," मी सुचवलं.

"अरे, पट्टी सोडल्यावर आत जे दिसतं ते पेशंटपासून लपवायचं नसतं," मामा म्हणाले.

रविवारी मामांनी उभं राहून बिल्ला वर धरला. "फ्रेंड्स, धिस वन इज अ फेक. इट फूल्ड मी फॉर ट्वेंटी इयर्स. माय वाइफ कॉट इट विथ टॅमरिंड." मग मागच्या रांगेतले एक वयस्कर गोरे सभासद उठले, खिशातून आपला बिल्ला काढून मामांपुढे ठेवला आणि म्हणाले, "प्लीज, बी ऑनेस्ट." बघता बघता टेबलापुढे रांग लागली. दोघांनी मामींना चिंच कुठे मिळते तेही विचारलं. "नो टॅमरिंड!" मामा तिथून ओरडले, "यू विल रुइन द रिअल वन्स!" हे आमचे मामा, असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला उगाचच तीनदा सांगितलं.

परतताना गाडी मी चालवत होतो. मामा शेजारी बिल्ला मुठीत धरून बसले होते. मूठ उघडून म्हणाले, "कुणा लागलेल्या पोराचा आहे म्हणून वीस वर्षं याला फूल वाहिलं रे. ते कुणाला पोचलं असेल?"

मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "ज्याला लागलं होतं, त्याला."