अजून थोडं उजळतो

इंदापूरच्या या फ्लेक्सवाल्याला फोटो दिला तसा छापणं जमतच नाही. वाढदिवसाचे बोर्ड करून करून त्याच्या हाताला खोडच लागली आहे. चेहरा दिसला की गोरा करायचा, सुरकुती दिसली की पुसायची. "ताई, अजून थोडं उजळतो," हे त्याचं पालुपद. मी ओरडते, "हात लावू नका!" तो "व्हय, व्हय" म्हणतो आणि हात लावतोच.

कळंबच्या खुरपणाऱ्या बायकांचे फोटो मी वर्षभर काढले आणि तिथल्याच समाजमंदिरात प्रदर्शन ठेवलं. त्यानं सकाळी फोटो आणून परस्पर टांगलेसुद्धा. बघते तर पारूबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू! नवरा जाऊन बारा वर्षं झालेली बाई. माझं डोकंच फिरलं.

"हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कपाळ मोकळं दिसत हुतं, ताई. घाईत लावायचं ऱ्हायलं आसंल, म्हणून म्या लावलं."

मी फोटो उतरवायला हात घातला, तेवढ्यात पारूबाईच दारात. त्या फोटोसमोर येऊन त्या कुंकवाकडे बघत राहिल्या. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी माझा हात धरून खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी बगितलं मी मला."

मी फोटो तसाच राहू दिला. मागून फ्लेक्सवाला हळूच म्हणाला, "ताई, अजून थोडं उजळायला पायजे हुतं."