मागाहून लिहिलेला हक्क

शेजारच्या सुनीताची थोरली मुलगी ओट्यावर बसून धाकट्या भावाला थोपटत होती. अंगाई म्हणून ती सतराचा पाढा म्हणत होती. मला हसू आलं, मग वाईट वाटलं. तिची शाळा सुटत चालली होती.

तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या.

"सुनीता, हिला पाठवत का नाहीस?"

"मी खुरपायला गेल्यावर पोराला कोण बघणार?"

"अगं, शिकणं हा तिचा हक्क आहे. आधी घटनेत तसा नव्हता. मागाहून दुरुस्ती करून घातलाय."

"मग हक्कालाच सांगा की बाई, पोर सांभाळायला!"

बाई तिला समजावत राहिल्या. मी मात्र त्या 'मागाहून'पाशीच थांबले. चौथीनंतर मी घरी बसले, तेव्हा आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. घरातली मोठी माणसंसुद्धा आपलं काही राहून गेलं असं सहसा कबूल करत नाहीत. एवढ्या मोठ्या देशाने ते कबूल केलं आणि लिहूनही ठेवलं. माझा ऊर भरून आला.

मी चारचौघांत फारशी बोलत नाही. तरी उठले, सुनीताच्या ओट्यावर गेले आणि बाळाला उचलून घेतलं.

"जा गं, दप्तर घे. हा राहील माझ्यापाशी."